घरच्या फायरवॉलला यूपीएस कसा जोडायचा, यूएसबी केबलसकट

घरी पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स, म्हणजे छोट्या पीसीला फायरवॉल (घरचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधला राखणदार) बनवणारं सॉफ्टवेअर, चालवणारे बरेच जण यूपीएस आणतात, फायरवॉलचा अडॅप्टर त्याच्या मागच्या सॉकेटमध्ये लावतात आणि झालं काम म्हणून मोकळे होतात. लाईट गेली तरी नेट चालू राहतं, दहा-पंधरा मिनिटांत लाईट परत येते, घरातले खूश. पण हे अर्धंच काम झालं. लाईट तासाभरात आली नाही तर यूपीएसची बॅटरी संपणार, आणि संपताना तो फायरवॉलला काही सांगणार नाही, सरळ करंट तोडणार. म्हणजे जो झटका टाळायला पैसे घातले तोच झटका बसणार, फक्त तासाभराने.

यूपीएस आणि फायरवॉल यांच्यात एक यूएसबी केबल लागते, आणि त्या केबलवरून आलेली माहिती समजून घेणारं एक सॉफ्टवेअर लागतं. मग बॅटरी संपत आली की फायरवॉल स्वतःहून नीट शटडाऊन होते, घरातल्या नॅसलाही (फाइल्स साठवणारा, नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) तसं सांगते, आणि लाईट आल्यावर कोणी बटण न दाबता परत उठते. यातलं शेवटचं, म्हणजे परत उठणं, सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं, म्हणून त्यावर खाली सविस्तर लिहिलंय. आपलं घर सोडून गावाला गेलो असताना हेच सगळं पणाला लागतं.

अचानक बंद पडल्याने एवढं काय होतं असं वाटत असेल तर आधी आपली फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर माहिती मांडून ठेवायची पद्धत, कुठली आहे ते बघा. पीएफसेन्समध्ये २०२२ च्या २.६.० व्हर्जनपासून नवीन इन्स्टॉलला झेडएफएस डिफॉल्ट आली, त्याआधी टाकलेलं असेल तर बहुतेक यूएफएस असणार, आणि नंतर नुसतं अपग्रेड करत आला असाल तरी फाइल सिस्टीम तीच जुनी राहते. यूएफएस वारंवारच्या झटक्यांनी बिघडते, कधीकधी बूटच होत नाही, स्क्रीन-कीबोर्ड जोडून फाइल सिस्टीम चेक करत बसावं लागतं. झेडएफएस बरीच दणकट आहे, पण लिहिता लिहिता करंट गेला तर स्वस्तातली एसएसडी स्वतःच गडबडू शकते, तिथे झेडएफएस तरी काय करणार.

आधी ठरवा, यूपीएसवर काय काय ठेवायचं

फायरवॉल एकटी चालू राहून उपयोग नाही. इंटरनेट ज्या रस्त्याने येतं त्या रस्त्यावरचं प्रत्येक डबडं चालू हवं: फायबरचा ओएनटी (फायबर घरात जिथे संपते तो डबा), मग फायरवॉल, मग स्विच (लॅनच्या केबल एकत्र जोडणारा डबा), मग वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट. यातलं एक जरी भिंतीवरच्या साध्या सॉकेटला राहिलं तरी लाईट गेल्यावर नेट बंद. ओएनटी बहुतेक वेळा दाराजवळ किंवा टीव्हीमागे लावलेला असतो आणि फायरवॉल दुसऱ्या खोलीत, तर त्याच्यासाठी एकतर वायर ओढा किंवा त्याला वेगळा छोटा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस लावा, हे छोटे डबे राऊटरसाठी म्हणून ऑनलाइन मिळतात आणि ओएनटीसाठी ते छान चालतात, फक्त ओएनटीच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. फायरवॉलसाठी मात्र ते नकोत, कारण त्यातले बहुतेक डबे बॅटरी किती उरली हे कोणालाच सांगत नाहीत.

अजून एक गोष्ट. थेट घरापर्यंत फायबर आलं असेल तर मध्ये रस्त्यावर करंट लागणारं काही नसतं, एक्स्चेंजपासून तुमच्या ओएनटीपर्यंत नुसती काच आणि स्प्लिटर, त्यामुळे तुमच्या घरात बॅकअप असला की सहसा नेट चालतं. पण लोकल केबलवाल्याचं नेट असेल आणि बिल्डिंगच्या गच्चीवर किंवा जिन्यात त्याचा स्विच लावून तिथून घरात साधी लॅन केबल आलेली असेल, तर बिल्डिंगची लाईट गेली की तो स्विचही जातो, मग तुमचा यूपीएस कितीही मोठा असो. हे यूपीएस घ्यायच्या आधी त्याला विचारून घ्या. त्याच्या डब्याला बॅकअप नसेल तर तुमच्या यूपीएसचं काम उरतं नीट शटडाऊनचं आणि घरातलं लॅन चालू ठेवण्याचं, तेही काही कमी नाही.

आता वॅटचा हिशोब. एन१०० प्रोसेसरचा बिनपंख्याचा मिनी पीसी साधारण १० ते १५ वॅट खातो, ओएनटी ८ च्या आसपास, छोटा स्विच ५, अ‍ॅक्सेस पॉइंट ८ ते १०. म्हणजे सगळं मिळून ३०-४० वॅट. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, म्हणजे लोड अजिबात जास्त नाही, प्रश्न किती वेळ चालेल हा आहे. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते, गुणाकार केला तर ८४ वॅट-अवर, पण यूपीएस स्वतः पण काही वॅट खातो आणि बॅटरी तळापर्यंत वापरता येत नाही, त्यामुळे नव्या बॅटरीवर पाऊण ते एक तास धरून चला. दोन डिस्कचा नॅस जोडला की वेळ झपाट्याने कमी होतो. नॅस असेल तर १००० किंवा ११०० व्हीएकडेच जा.

पाऊण-एक तास म्हणजे लाईटच्या रोजच्या जाण्या-येण्याला भरपूर. पण १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाईट गेली तेव्हा बऱ्याच भागात ती काही तासांनी आली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. अशा वेळी कुठलाच घरगुती यूपीएस पुरत नाही, म्हणून नीट बंद होणं आणि नीट परत उठणं हेच महत्त्वाचं.

घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला

हा प्रश्न आपल्याकडे येणारच. इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी आहे, बॅटरी मोठी, वेळ जास्त, पण लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर जायला तो जो क्षण घेतो तेवढ्यात मिनी पीसी रिस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा स्विच असेल तर तो चालू करा, क्षण छोटा होतो. आणि मुख्य म्हणजे साधा इन्व्हर्टर फायरवॉलशी बोलत नाही.

सगळ्यात उत्तम म्हणजे दोन्ही: इन्व्हर्टरच्या लाइनवर यूपीएस, यूपीएसवर फायरवॉल. इन्व्हर्टर चालू व्हायच्या आतला क्षण यूपीएस सांभाळतो, पुढचे चार-पाच तास इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरची बॅटरी संपली की यूपीएस फायरवॉलला सांगून बंद करतो. फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हचा असेल तर बरेच यूपीएस तो करंट खराब समजून घेतच नाहीत आणि स्वतःच्या बॅटरीवरच राहतात, म्हणजे घरात पंखा फिरतोय आणि यूपीएस टूं टूं करत बॅटरी संपवतोय असं होतं.

यूपीएस घेताना काय बघायचं

एकच गोष्ट सगळ्यात आधी: मागे डेटा पोर्ट आहे का. कमी किमतीतल्या ६०० व्हीएच्या पुष्कळ मॉडेलना तो नसतोच, दुकानदाराला विचारलं तर तो मोबाईल चार्जिंगचा यूएसबी दाखवून हो म्हणेल, तो नव्हे. डेटा पोर्ट म्हणजे एकतर प्रिंटरला असतो तसा चौकोनी यूएसबी किंवा एपीसीच्या काही मॉडेलना असतो तसा लॅनसारखा दिसणारा १० पिनचा. त्या १० पिनवाल्याची खास केबल बॉक्समध्ये येते, एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला तो रुंद प्लग. ती जपून ठेवा. आणि लॅनची साधी केबल त्या भोकात चुकूनही घालू नका, शेजारीच सर्ज प्रोटेक्शनसाठी लॅनची दोन खरी भोकं असतात, घाईत गफलत होते.

घ्यायच्या आधी मॉडेल नंबर नेटवर्क यूपीएस टूल्स या प्रोजेक्टच्या हार्डवेअर यादीत शोधा. हेच ते सॉफ्टवेअर जे आपण वापरणार आहोत, सगळे त्याला नट म्हणतात. यादीत मॉडेल असेल तर कुठला ड्रायव्हर लागतो तेही तिथेच लिहिलेलं असतं. एपीसी, सायबरपॉवर, ईटन वगैरेंचे यूएसबीवाले यूपीएस सहसा यूएसबीएचआयडी या ड्रायव्हरवर चालतात. आपल्याकडचे आणि चिनी बनावटीचे बरेच यूपीएस मेगाटेक नावाच्या जुन्या भाषेत बोलतात, त्यांना क्यूएक्स ड्रायव्हर लागतो. चालतात तेही, पण बॅटरी किती टक्के आणि किती मिनिटं हे बऱ्याचदा स्वतः सांगत नाहीत, नुसते बॅटरीचे व्होल्ट सांगतात, मग फुल आणि रिकाम्या बॅटरीचे व्होल्ट आपण ड्रायव्हरला द्यावे लागतात. होतं, पण कटकट आहे, पर्याय असेल तर पहिल्या प्रकारचा घ्या.

जोडणी

बऱ्याच नवीन यूपीएसमध्ये बॅटरीची एक वायर मुद्दाम सोडलेली असते, वाहतुकीत बॅटरी उतरू नये म्हणून. खालचं झाकण उघडून ती लावा, नाहीतर यूपीएस चालू होईल, सॉकेटला करंट येईल, सगळं नीट दिसेल आणि लाईट गेली की सगळं जाईल. लावल्यावर रात्रभर चार्ज होऊ द्या, टेस्ट दुसऱ्या दिवशी.

मागच्या सॉकेटपैकी काहींवर बॅटरी बॅकअप लिहिलेलं असतं, काही नुसते सर्जसाठी असतात. आपलं सगळं बॅकअपवाल्यांवर. सॉकेट कमी पडले तर साधा एक्स्टेन्शन बोर्ड लावा, स्पाइक गार्डवाला नको, यूपीएसच्या पुढे स्पाइक गार्ड लावू नका असं बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच नको, तो गरम होताना एवढा ओढतो की ओव्हरलोडने सगळंच बंद पडेल.

अर्थिंग बघा, हे मनापासून सांगतोय. जुन्या बिल्डिंगमध्ये तीन भोकांचा सॉकेट असतो आणि आत अर्थची वायरच नसते. मिनी पीसीच्या धातूच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगमध्ये गडबड असायची शक्यता मोठी आहे, वायरमनला बोलावून मीटरने न्यूट्रल ते अर्थ किती व्होल्ट येतात ते बघून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्थ नसेल तर यूपीएसचं सर्ज प्रोटेक्शन नावापुरतंच राहतं.

शेवटी यूएसबी केबल यूपीएसमधून फायरवॉलच्या कुठल्याही यूएसबीत. हब मध्ये नको.

सॉफ्टवेअर

पीएफसेन्समध्ये सिस्टीम मेनूत पॅकेज मॅनेजर, तिथे अव्हेलेबल पॅकेजेसमध्ये नट शोधा आणि इन्स्टॉल करा. शेजारी एपीसीयूपीएसडी पण दिसेल, ते फक्त एपीसीसाठी आहे आणि चांगलं आहे, पण दोन्ही एकदम टाकू नका, एकाच यूएसबीवरून दोघं भांडतात. मी नट सुचवेन कारण पुढे यूपीएस दुसऱ्या कंपनीचा घेतला तरी तेच चालतं आणि नॅसनाही तेच कळतं.

इन्स्टॉल झालं की सर्व्हिसेस मेनूत यूपीएस असं येईल. सेटिंग्जमध्ये टाइप लोकल यूएसबी, ड्रायव्हर यूएसबीएचआयडी, आणि नाव. नाव काहीही चालतं, पण घरात सिनॉलॉजीचा नॅस असेल किंवा पुढे यायचा असेल तर नाव इंग्रजी स्मॉल लेटर्समध्ये फक्त यू, पी, एस अशी तीन अक्षरं ठेवा, कारण सिनॉलॉजी तेच नाव शोधतो आणि त्याच्या स्क्रीनवर ते बदलायची सोय नाही. सेव्ह करा.

ओपीएनसेन्समध्ये सिस्टीम, फर्मवेअर, प्लगिन्स आणि तिथे ओएस-नट. दिसलं नाही तर कम्युनिटी प्लगिन्स दाखवायची टिक लावा. मग सर्व्हिसेसमध्ये नट, कॉन्फिगरेशन. जनरलमध्ये एनेबल, मोड स्टँडअलोन, नाव वरच्यासारखंच, आणि पासवर्डच्या टॅबमध्ये मॉनिटरचा आणि अ‍ॅडमिनचा असे दोन पासवर्ड स्वतःचे टाका. मग यूपीएस टाइपमध्ये यूएसबीएचआयडीला टिक. प्लगिनमध्ये डायग्नोस्टिक्स नावाचं पान आहे, सगळी आकडेवारी तिथे दिसते.

पहिल्यांदा बहुतेकांना एकच अडचण येते, सगळं बरोबर भरूनही यूपीएस सापडत नाही असं येतं. कारण केबल आधी लावलेली असते आणि पॅकेज नंतर आलेलं असतं. यूएसबीची परवानगी डिव्हाइस जोडलं जातं त्या क्षणी लागते, त्यामुळे केबल काढा, पाच सेकंद थांबा, परत लावा, सर्व्हिस रिस्टार्ट करा. एवढ्यानेच बऱ्याचदा सुटतं, नाही सुटलं तर फायरवॉल एकदा रीबूट.

चालू झालं की स्टेटसमध्ये ओएल दिसेल, म्हणजे ऑनलाइन, मेनवर आहे. लाईट गेली की ओबी, म्हणजे ऑन बॅटरी. बॅटरी संपत आली की त्याच्याशेजारी एलबी, लो बॅटरी. आणि आरबी दिसला तर बॅटरी बदला. या चार अक्षरजोड्या डोक्यात ठेवल्या की लॉग वाचता येतो. बाकी आकड्यांमध्ये बॅटरी चार्ज टक्क्यांत, रनटाइम सेकंदांत, लोड टक्क्यांत, आणि इनपुट व्होल्टेज. हा शेवटचा आकडा दोन-चार दिवस बघत राहा, गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज किती खाली येतं ते कळतं आणि यूपीएस मधूनच का टकटक करतो त्याचा उलगडा होतो.

आता महत्त्वाचं. फायरवॉल शटडाऊन कधी होणार, तर ओबी आणि एलबी दोन्ही एकत्र आले की. नुसती लाईट गेली म्हणून ती बंद होत नाही, आणि व्हायलाही नको. पण एलबी कधी येणार हे यूपीएस ठरवतो, आणि पुष्कळ यूपीएस १० टक्के किंवा १२० सेकंद उरले की सांगतात. नव्या बॅटरीला ठीक आहे, पण दोन वर्षं आपल्या उन्हाळ्यात काढलेल्या बॅटरीचे १० टक्के म्हणजे काही नाही, ४० वरून थेट शून्यावर येते. म्हणून हा आकडा आपण वर घ्यायचा. ड्रायव्हरच्या एक्स्ट्रा आर्ग्युमेंट्सच्या चौकटीत तीन ओळी लागतात: पहिली इग्नोअर-एलबी, म्हणजे यूपीएसचं स्वतःचं एलबी ऐकू नकोस, दुसरी ओव्हरराइड करून बॅटरी चार्ज लो ३०, तिसरी ओव्हरराइड करून बॅटरी रनटाइम लो ३००. नेमकं स्पेलिंग नटच्या ड्रायव्हरच्या मॅन्युअल पानावरून जसंच्या तसं कॉपी करा, एक टिंब चुकलं तर ड्रायव्हर उठत नाही. मग ३० टक्के किंवा ५ मिनिटं, जे आधी येईल तेव्हा शटडाऊन. नॅस असेल तर मी हेच ठेवेन, नुसती फायरवॉल असेल तर २० टक्के पुरतात.

फायरवॉल प्रॉक्समॉक्सवर (एकाच पीसीवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल तर नट आत नको, मूळ होस्टवर टाका. बंद व्हायचंय ते सगळं मशीन.

नॅसला पण सांगा

यूपीएसला यूएसबी एकच, ती फायरवॉलला गेली. नॅसला तीच माहिती लॅनवरून द्यायची, नटचा पोर्ट ३४९३. ओपीएनसेन्समध्ये लिसन अ‍ॅड्रेसच्या जागी १२७.०.०.१ (फायरवॉलचा स्वतःपुरता आतला पत्ता) तसाच ठेवून फायरवॉलचा लॅनचा आयपी वाढवा. पीएफसेन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये यूपीएसडीच्या (नटचा माहिती वाटणारा भाग) कॉन्फिगच्या चौकटीत कॅपिटल अक्षरांत लिसन आणि पुढे लॅनचा आयपी अशी एक ओळ, आणि यूजर्सच्या चौकटीत नॅससाठी यूजर. तो यूजर सेकंडरी करा, फायरवॉल स्वतः प्रायमरी. २०२२ च्या २.८.० आधीच्या नटमध्ये यांनाच मास्टर आणि स्लेव्ह म्हणायचे, जुन्या गाईड वाचताना गोंधळू नका.

सिनॉलॉजीला यूजरनेम मॉनयूजर आणि पासवर्ड सिक्रेट असाच लागतो, दोन्ही स्मॉल लेटर्समध्ये, हे सगळ्या जगाला माहीत आहे. त्यामुळे लॅनच्या रूल्समध्ये ३४९३ फक्त नॅसच्या आयपीला उघडा, खाली दुसरा रूल बाकी सगळ्यांना ब्लॉक. वॅनवर, म्हणजे इंटरनेटच्या बाजूला, हा पोर्ट कधीच उघडू नका.

आणि नॅस व फायरवॉल यांच्यामधला स्विच यूपीएसवरच हवा! तो भिंतीच्या सॉकेटवर राहिला तर लाईट गेल्या क्षणी मधली वाट तुटते, फायरवॉल ओरडून सांगतेय बॅटरी संपली आणि नॅसपर्यंत आवाज पोचतच नाही.

क्रम असा असतो: एलबी आलं की फायरवॉल एफएसडीचा झेंडा लावते, म्हणजे फोर्स्ड शटडाऊन, एकदा लागला की मधेच लाईट आली तरी मागे फिरत नाही. नॅस तो बघून बंद व्हायला लागतो. फायरवॉल डिफॉल्टने १५ सेकंदांपर्यंत त्यांची वाट बघते आणि मग स्वतः बंद होते. नॅसने बंद व्हायला सुरुवात केली म्हणजे तो बंद झाला असं नाही, डिस्क थांबायला मिनिट-दोन मिनिटं जातात, आणि इथूनच पुढचा मुद्दा सुरू होतो.

परत उठायचं कसं

समजा रात्री दोनला लाईट गेली, तीनला बॅटरी ३० टक्क्यांवर आली, फायरवॉल नीट बंद झाली. यूपीएस मात्र अजून चालू आहे, त्याच्या सॉकेटला करंट आहे. तीन वाजून दहा मिनिटांनी लाईट आली. फायरवॉलच्या दृष्टीने करंट कधी गेलाच नाही, मग ती उठणार कशी? बसून राहते बंद, आणि सकाळी सगळ्यांना वाटतं नेट गेलंय. तुम्ही घरी असाल तर बटण दाबाल, पण नागपूरला लग्नाला गेला असाल आणि घरी आई-बाबा असतील तर फोनवरून कुठलं बटण ते समजावत बसावं लागतं.

याला दोन गोष्टी लागतात आणि दोन्ही लागतात.

पहिली बायोसमध्ये. करंट परत आल्यावर मशीनने काय करायचं याची सेटिंग असते, कुठे रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस नावाने, कुठे एसी बॅक, आणि त्या छोट्या चिनी मिनी पीसींमध्ये चिपसेटच्या मेनूत पीसीएच-आयओच्या आत स्टेट आफ्टर जी३ अशा अगम्य नावाने. ती पॉवर ऑन किंवा एस० वर करा. लास्ट स्टेट ठेवू नका, कारण शेवटची स्थिती बंदच होती.

दुसरी, फायरवॉल बंद झाल्यावर यूपीएसने स्वतःचं आउटपुट तोडलं पाहिजे. नटमध्ये याची सोय आहे, फायरवॉल बंद होता होता शेवटच्या क्षणी यूपीएसला सांगते की अमुक सेकंदांनी करंट तोड आणि लाईट आली की परत दे. लाईट आधीच आलेली असेल तर यूपीएस थोडा वेळ तोडून परत देतो, म्हणजे फायरवॉलला करंट गेला-आला असं दिसतं आणि बायोसमुळे ती उठते. ते अमुक सेकंद म्हणजे ऑफ-डिले, यूएसबीएचआयडी ड्रायव्हरमध्ये डिफॉल्ट २०. नॅस असेल तर वीस सेकंद फारच कमी, त्याच्या डिस्क फिरत असतानाच करंट तुटेल. ऑफ-डिले १८० करा, आणि ऑन-डिले त्याच्यापेक्षा जास्त, समजा २४०, कारण ऑन-डिले कायम मोठाच हवा. दोन्ही त्याच एक्स्ट्रा आर्ग्युमेंट्सच्या चौकटीत. काही यूपीएस हे आकडे मानत नाहीत, आपल्या मनाने जवळचा आकडा धरतात, म्हणून टेस्टमध्ये घड्याळ लावून बघा.

यूपीएसने आउटपुट तोडलंच नाही तर? काही स्वस्त मॉडेल खरंच तोडत नाहीत. मग लाईट लांबली तर बॅटरी पूर्ण संपून करंट तुटतो आणि लाईट आल्यावर सगळं उठतं, अडचण फक्त मधल्या वेळेत लाईट आली तर. त्यावर एक साधा उपाय, बायोसमध्ये रोज ठराविक वेळेला उठायचा अलार्म असतो, तो सकाळी साडेपाचला लावा. मशीन चालूच असेल तर काही होत नाही, बंद असेल तर उठते. पूर्ण उत्तर नाही पण माणसं उठायच्या आत नेट येतं.

टेस्ट

हे टाळू नका. दोन टप्प्यांत करा, आणि आधी कॉन्फिगचा बॅकअप डाउनलोड करून ठेवा.

पहिला टप्पा, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, प्लग काढला की अर्थही सुटतो, बटणाने फक्त फेज तुटतो. लगेच स्टेटस ओबी झालं का, ओएनटी-स्विच-वायफाय सगळं चालू आहे का, मोबाईलवर वायफायने साइट उघडते का. रनटाइमचा आकडा लिहून ठेवा. दहा मिनिटांनी बटण चालू, ओएल यायला हवं.

दुसरा टप्पा, पूर्ण शटडाऊन. घरचं कोणी मीटिंगमध्ये किंवा परीक्षेला बसलेलं नाही अशी वेळ बघा. बटण बंद करा आणि एलबी येईपर्यंत थांबा, किंवा तेवढा वेळ नसेल तर फायरवॉलच्या शेलमधून (कमांड टाइप करायची जागा) यूपीएसमॉनला, म्हणजे नटच्या लक्ष ठेवणाऱ्या भागाला, एफएसडीची कमांड द्या, तो लगेच बॅटरी संपल्यासारखं वागतो. मग नुसतं बघत राहायचं: नॅसचे दिवे विझायला लागले का, फायरवॉल बंद झाली का, आणि १८० सेकंदांच्या आसपास यूपीएसच्या आत टक् आवाज होऊन स्विचचे दिवेही गेले का. गेले तर निम्मी लढाई जिंकली. आता बोर्डाचं बटण चालू करा आणि कशालाही हात लावू नका. ओएनटी, फायरवॉल, वायफाय आपोआप यायला हवं. नॅसला त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पॉवर आल्यावर उठायची टिक वेगळी असते, ती बघा.

मग पुन्हा एकदा हेच, पण यावेळी फायरवॉल बंद झाल्यावर आणि यूपीएसने तोडायच्या आत बटण चालू करा. हीच ती रात्री तीन वाजून दहा मिनिटांची परिस्थिती. यातून आपोआप उठली तर बिनधास्त गावाला जा.

लाईट गेल्याची खबर मोबाईलवर हवी असेल तर पीएफसेन्समध्ये सिस्टीम, अ‍ॅडव्हान्स्ड, नोटिफिकेशन्समध्ये ईमेल किंवा टेलिग्राम लावा आणि यूपीएसच्या पानावर नोटिफिकेशनची टिक. बाहेरगावी असताना घरची लाईट गेली-आली हे कळणं वेगळंच समाधान देतं, फ्रीजचं काय झालं असेल तेही कळतं.

बॅटरी

आपल्याकडच्या हवेत या सीलबंद बॅटऱ्या दोन-तीन वर्षं जातात. उष्णता हा त्यांचा शत्रू, २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला आयुष्य साधारण निम्मं होतं असं धरतात, म्हणून यूपीएस बंद कपाटात किंवा माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, आणि फायरवॉलच्या गरम डब्यावर तर नाहीच. तीन महिन्यांनी एकदा पहिल्या टप्प्याची टेस्ट करून रनटाइम आधीच्या आकड्याशी ताडून बघा, निम्म्यावर आला की बदला. फुगलेली दिसली तर त्याच दिवशी.

बदलताना व्होल्ट आणि अँपिअर-अवर तेच, आणि टर्मिनलची पट्टी किती रुंद आहे ते मोजून जा, ४.८ आणि ६.३ मिलिमीटर अशा दोन मापांत येतात आणि चुकीची आणली तर कनेक्टर बसत नाही. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, दुकानदाराला परत द्या, जुनीचे थोडे पैसे वजा करून देतात बहुतेक जण, आणि २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांप्रमाणे ती गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. नवीन बसवल्यावर यूपीएसचा रनटाइमचा अंदाज काही काळ जुन्याच बॅटरीवर अडकलेला असतो, तर रात्रभर चार्ज करून एकदा एलबी येईपर्यंत उतरवा, मग परत फुल चार्ज, आणि मग ३० टक्क्यांवर नक्की किती मिनिटं उरतात ते घड्याळ लावून बघून घ्या.